हवा स्थिर होती

माईकची वायर खांद्यावर गुंडाळून ती हँगरच्या मागून आली, तेव्हा समोरून सात धट्टीकट्टी माणसं डोळे मिटून चालत येत होती. थव्यासारखी, एकामागे एक, थोडी तिरकी. प्रत्येकाची उजवी मूठ मिटलेली, जणू हातात विमानाचा दांडा आहे. सर्वांत पुढचा माणूस संथ सुरात बोलत होता, "ओढा... अजून ओढा... आता धूर..." आणि बाकीचे त्या सुराबरोबर एका अंगाला झुकत होते.

ती बाजूला व्हायचं विसरूनच गेली. तिच्या वायरीचं टोक पाचव्याच्या बुटाला लागलं आणि तो थांबला.

"कोण असेल ते, जरा वाट द्या," तो डोळे न उघडता म्हणाला. "आम्ही सध्या उलटे आहोत."

"मला तर सरळच दिसताय."

"जमिनीवरून बघताय ना, म्हणून."

ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत त्याने तिला वळसा घातला, चार पावलं पळाला आणि रांगेतली आपली जागा धरली. डोळे तेव्हाही मिटलेलेच.

जेट विमानांच्या कसरती करणारं ते पथक. वर चढण्याआधी सगळा खेळ असा जमिनीवर चालून बघायचा, ही त्यांची रीत. आकाशात चूक सुधारायला वेळ नसतो, म्हणून काय चुकायचं ते डांबरावर चुकून घ्यायचं. ती त्यांची नवी निवेदिका. विमानं वर गेली की खाली जमलेल्या लोकांना कोणतं विमान काय करतंय ते सांगायचं, हे तिचं काम. पथकात कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. म्होरक्याला सगळे थोरले म्हणत, बाकीचे आपापल्या जागेच्या आकड्याने ओळखले जात. नाव घरच्यांनी वापरायचं.

पाचव्याच्या विमानाची देखभाल करणारा म्हातारा फिटर तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "पोरी, त्याचं इंजिन मी रोज तपासतो. डोकं तपासायला मात्र मला अवजार मिळालेलं नाही."

"मामा, मी ऐकतोय," पंखाखालून आवाज आला.

"ऐकण्यासाठीच बोललो."

सरावानंतर पाचवा कँटीनमध्ये तिच्या समोर येऊन बसू लागला. केसांवर हेल्मेटची घडी, गालांवर ऑक्सिजनच्या मुखवट्याचा लाल वळ. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तो रोज तेच विचारी, "आज कसं दिसलं?"

"तुम्हीच वर होतात, आणि मला विचारता?"

"मला काय दिसणार? थोरल्यांच्या विमानाच्या पोटाखाली एक दिवा आहे. तो दिवा आणि त्यांच्या पंखाचं टोक एका रेषेत धरायचं. आकाश कुठंय, जमीन कुठंय, ते त्यांनी बघायचं. मी फक्त दिवा बघतो."

मग ती सांगे. धुराच्या रेषा कशा फुलल्या, सूर्यासमोरून जाताना सातही विमानं कशी काळी झाली, एक लहान मुलगी कान झाकून कशी हसत होती... तो ऐकत राही. ऐकताना त्याची नजर तिच्या हातांवर असे, कारण विमानं कशी वळली हे ती हातांनीच दाखवी. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. दोघांनीही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मोठ्या प्रदर्शनाच्या आठवड्यात, सरावाच्या सकाळी, ती पिवळा स्कार्फ बांधून आली.

"हे कुणासाठी?" त्याने विचारलं.

"लोकांसाठी. तू थोडाच बघणारेस?"

"बघितलं तर?"

"बघ की. एकदा तरी खाली बघ. मी मंचावर असेन." ती हसत म्हणाली. म्हणायचं म्हणून म्हणाली.

आणि त्याने बघितलं.

ती माईकवर बोलत होती. सातही विमानं मैदानावरून येऊन वर उचलली गेली, आणि त्याच क्षणी पाचवं आत सरकलं. फार नाही. बघणाऱ्या एखाद्याला वाटलं असतं, असंच असेल. पण चौथ्याने झटकन अंग काढून घेतलं, पथक विस्कटलं, धूर बंद झाला. तिचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. सगळी चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

उतरल्यावर सगळे एका खोलीत बसत. टोप्या बाहेर खुंटीला अडकवायच्या, म्हणजे आत कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. प्रत्येकाने आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. थोरले आपल्यापासून सुरुवात करत.

"मी वळण उशिरा सांगितलं," ते म्हणाले. मग दुसरा, तिसरा, चौथा. मग पाचवा.

"उचलताना आत सरकलो," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "हवेचा झोत लागला."

"मला नाही लागला," चौथा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

उरलेल्यांचं सांगून झालं, तेव्हा थोरले तिच्याकडे वळले. खालून बघणाऱ्यांनाही शेवटी बोलावं लागे. "ताई, खालून काय दिसलं?"

तिने पाचव्याकडे पाहिलं. त्याने मान अगदी किंचित हलवली. नको. तो तिला वाचवत होता, हे तिला कळत होतं. ती गप्प राहिली तर त्याची जागा राहणार होती, तिची अब्रू राहणार होती. आणि उद्या तो पुन्हा त्या दिव्यावरून नजर काढणार होता. बाकीचे सहाजण मात्र त्याच्या शब्दावर विसंबून त्याच्या शेजारी पंख लावणार होते.

"हवा स्थिर होती," ती म्हणाली. "मंचावरचा झेंडासुद्धा हलत नव्हता. त्याने खाली बघितलं... माझ्याकडे. मीच सांगितलं होतं बघायला. गंमत म्हणून. पण मला ते हवं होतं."

"खरं?" थोरल्यांनी विचारलं.

"खरं," पाचवा म्हणाला. "ती म्हणाली नसती तरी बघितलं असतं. बरेच दिवस मनात होतं."

दोघांनी एकमेकांना जे कधी सांगितलं नव्हतं, ते असं भर खोलीत, चूक म्हणून सांगून झालं.

थोरल्यांनी कपाळ चोळलं. "हा हंगाम तू खाली," ते शेवटी म्हणाले. "बघितलंस म्हणून एवढं नाही. झोत म्हणालास म्हणून. ताई, तुम्ही माईकवर राहा."

बाहेर आल्यावर त्याने टोपी घेतली, पण घातली नाही. "गप्प बसली असतीस तर चाललं असतं."

"तुला वाचवायचं की तुझी जागा, ते मला ठरवायचं होतं."

तो निघून गेला. या जागेसाठी त्याने तरुणपण घातलं होतं. मग कँटीनमधली समोरची खुर्ची रिकामीच राहू लागली. ती एकटी चहा घेई, आणि बरोबर केलं असं स्वतःला बजावूनही कप अर्धाच ठेवून उठे.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं. राखीव वैमानिक पाचव्या विमानात बसला. ती मंचावर चढली तर तो तिथे आधीच उभा. थोरल्यांनी त्याला खालून नजर ठेवायला नेमलं होतं. हातात रेडिओ, दाढी वाढलेली.

"मामा म्हणतात, मी मूर्ख आहे," तो म्हणाला.

"मामांना अवजार मिळालं वाटतं."

तो हसला, पण डोळे ओले होते. "तुझ्यावर रागावलो नव्हतो. मी खोटं बोललो आणि चौथ्याने ते ओळखलं, त्याचीच लाज होती. तोंड कसं दाखवायचं?"

"हे तोंड चालेल मला. दाढी तेवढी काढ."

दूर विमानांची इंजिनं एकेक करून पेटली. ती कागद सरळ करत म्हणाली, "पुढच्या हंगामात तू वर जाशील. तेव्हा मी या मंचावर नसेन. कुठल्याच मैदानावर नसेन."

"असं का म्हणतेस? तू असलीस तरी माझं लक्ष—"

"तू बघणार नाहीस, माहीत आहे. पण मी इथे आहे हे तुला माहीत असेल. तेवढंही नको."

तो धावपट्टीकडे बघू लागला. हे तिचं आवडतं काम होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. "मग माझं विमान आलं, हे लोकांना कोण सांगणार?"

"ते कुणीही सांगेल. तू घरी आलास की नाही, ते मी बघेन."

"कुणाच्या घरी?"

"मी असेन त्या."

त्याने हात पुढे केला, पण रेडिओ खरखरला आणि थोरल्यांचा आवाज आला. त्याने नजर आकाशाकडे वळवली, तिने माईक सुरू केला. झाडांवरून सात विमानं येत होती, आणि ती शांत आवाजात लोकांना सांगू लागली, पाचव्या जागेवर आज कोण आहे ते.