मधली लाल चकती

"चोर म्हणाले मला," खुर्चीत बसायच्या आधीच ती बाई म्हणाली. "तोंडावर म्हणाले. सगळं मंडळ ऐकत होतं."

भावजींनी पाण्याचा पेला पुढे केला. तिची नखं शिशानं काळी पडली होती आणि अंगठ्यावर जुन्या चिरांची जाळी होती. पण पेला धरलेला हात हलत नव्हता. बाई संतापलेली होती, घाबरलेली नव्हती.

भावजी म्हणजे धाकटे दीर. तीस वर्षं टपालाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाले आणि थोरल्या वहिनींच्या हाताखाली लागले. वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. त्यांच्या चष्म्याच्या दोरीला कायम एक भिंग लटकलेलं असे, म्हणून लोक त्यांना भिंगबाई म्हणत. भावजींना लोक काहीच म्हणत नसत. ते पिशवी धरत.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या. "चोर कोण, ते शेवटी बघू."

बाईचा काचकामाचा कारखाना होता, वडिलांनी काढलेला. वाचनालयाच्या जिन्यावरची मोठी खिडकी सात महिने तिच्याकडे दुरुस्तीला होती. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या त्रेचाळीस गोल चकत्या. बेचाळीस पिवळ्या-हिरव्या आणि मधोमध एकच लाल. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी एकेक चकती नळीवर फुंकून, गरागरा फिरवून केलेली. गेल्या आठवड्यात खिडकी जागेवर चढली. उद्या सकाळी तिचा समारंभ. आणि काल मंडळानं बोलावलेला तज्ज्ञ परांचीवर चढला, भिंग लावलं आणि म्हणाला, लाल चकती जुनी नाही. अस्सल गायब झाली, त्या जागी नक्कल बसवली.

"आज चार वाजता मंडळ बसतंय," काचवाली म्हणाली. "तोवर उत्तर दिलं नाही, तर समारंभ रद्द आणि पोलिसांत तक्रार. दारावर वडिलांचं नाव आहे, बाई. चाळीस वर्षं त्या नावाला कुणी बोट लावलं नाही. उस्तादांच्या हातून काच फुटत नाही, असं लोक म्हणायचे."

"लाल चकती तुम्ही हाताळलीत?"

"नाही. बेचाळीस मी केल्या. ती एक काकांनी. वडिलांच्या वेळचे कारागीर आहेत, शिशाच्या सांध्यांना डाख त्यांच्यासारखा कुणी देत नाही. म्हणाले, मधली मीच काढणार, मीच धुणार, मीच बसवणार. म्हातारा माणूस, म्हटलं असेल हौस."

भावजींनी वहीत 'काका' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"एकच पुरे होती," वहिनी म्हणाल्या.

कारखान्यात लांब टेबलावर शिशाच्या पट्ट्यांचे तुकडे पडले होते. मागच्या अंगणात भट्टी होती. तिच्या तोंडात आता रिकामे डबे रचलेले. "वडील गेले आणि भट्टी विझली," काचवाली म्हणाली. "तीस वर्षं झाली. आता आम्ही काच करत नाही, फक्त सांभाळतो."

तिनं एक भलामोठा कागद उलगडला. "खिडकी उतरवायच्या आधी जागेवरच कागद लावून कोळशानं घासतो. पट्टी न् पट्टी, सांधा न् सांधा उमटतो. इथं तारीख आणि वाचनालयाच्या कार्यवाहांची सही." एवढं सांगून ती काकांना बोलवायला आत गेली.

भावजींना कोळशानं शिंक आली. "मध्ये हात जड पडलेला दिसतोय," ते नाक पुसत म्हणाले. "लाल चकतीभोवती चार ठिपके बघा, चिंचोक्याएवढे. बाकीचे सगळे कसे चपटे, नाजूक."

"छान," वहिनी म्हणाल्या.

भावजींना फार दिवसांनी असं कुणी म्हटलं होतं. त्या आनंदात ते भट्टीजवळच्या जुन्या बाकावर जाऊन बसले. दोन लांब हातांचा तो बाक, फुंकनळी आडवी ठेवून फिरवण्यासाठी केलेला. उस्तादाच्या थाटात त्यांनी हत्यारासाठी उजवा हात लांब केला आणि नुसती भिंत खरवडली. हत्यारं अडकवायचे आकडे सगळे डावीकडे होते.

"त्या बाकावर कुणाचंच जमलं नाही," काचवाली परत येत म्हणाली. "वडिलांना तोच लागायचा."

मागून काका आले. सत्तरीचे, वाळक्या शेंगेसारखे, तोंड मिटलेले. वहिनींनी विचारलं, काकांनी तोडकी उत्तरं दिली.

"लाल चकती तुम्ही काढलीत?"

"काढली."

"बदललीत?"

"जी काढली तीच बसवली. शपथ घालाल ती घेतो."

"मग ती नवी कशी?"

"तज्ज्ञांना विचारा."

"मधलीच का मागून घेतलीत?"

काका टेबलावरचे शिशाचे तुकडे गोळा करू लागले. भावजींनी त्यांना बसायला जागा करावी म्हणून बाकाखालचा हत्यारांचा डबा बाजूला ओढला.

"त्याला हात लावू नका," काका म्हणाले. आवाज एवढा चढला की काचवालीनं वळून पाहिलं.

रस्त्यात भावजी म्हणाले, "वहिनी, मामला सरळ आहे. अस्सल चकती त्या डब्यात आहे. म्हाताऱ्यानं लांबवली."

"मग ती विकायची सोडून रोज कामाला डबा घेऊन येतो?"

"वेळ साधत असेल."

"सत्तराव्या वर्षी? भावजी, वेळ त्याला साधत आलीय."

वाचनालयाचे कार्यवाह नीटनेटके गृहस्थ होते. बोलताना टेबलावरचा कागद सरळ करत. वहिनींनी जुनी नोंदवही मागितली.

"आमच्याकडची नोंद चोख असते," ते म्हणाले. "ही खिडकी याआधी एकदाच दुरुस्त झाली. छत्तीस वर्षांपूर्वी. हे बघा: वादळात वरच्या कोपऱ्यातल्या दोन पट्ट्या सुटल्या, त्या बदलल्या. काम उस्ताद आणि एक मदतनीस. रंगकामासाठी इमारत आठवडाभर बंद होती, तेवढ्यात उरकलं. काच एकही फुटली नाही."

"असं कुणी लिहिलं?"

"उस्तादांनी सांगितलं, तसं तेव्हाच्या कार्यवाहांनी लिहिलं. त्यांचा शब्द म्हणजे, काय सांगू, पुरावाच."

तज्ज्ञ परांचीवरच भेटला. तरणाबांड, शिकलेला, आणि आपलं खरं आहे याची खात्री असलेला माणूस. त्यानं खिडकीची बाहेरची बाजू दाखवली. "हात फिरवा. बेचाळीस चकत्या उन्हापावसानं खरबरीत झाल्यात. लाल मात्र गुळगुळीत. दोनशे वर्षं ती काय छत्री घेऊन उभी होती?"

भावजींना हसू आलं, पण वहिनी हसल्या नाहीत म्हणून त्यांनी ते खोकल्यात घातलं.

वहिनींनी भिंग काढलं. प्रत्येक चकतीत मधल्या नाभीपासून कडेपर्यंत बारीक भोवरा होता, काच फिरवताना पडलेला. बेचाळीस भोवरे एका दिशेनं फिरत होते. लाल चकतीतला उलटा.

"उलटी बसवली असेल," भावजी म्हणाले. "पलटली की भोवरा पलटणारच."

"बरोबर. पण चकती फिरवून झाली की दांडीवरून तोडतात. तिथं नाभीला खडबडीत वण राहतो. बेचाळिसांचा वण बाहेरच्या बाजूला आहे. हिचा कुठं आहे?"

भावजींनी बोट लावलं. "बाहेरच."

"म्हणजे बसवली सुलटीच. केलीच उलट्या फेऱ्यानं."

भावजींनी ते लिहून घेतलं. काय लिहिलं ते मात्र त्यांना कळलं नाही.

चार वाजता जिन्याखालच्या दालनात मंडळ जमलं. काचवाली भिंतीला पाठ न टेकता उभी राहिली. काका दाराशी, डबा पायाशी. कार्यवाहांनी वहिनींकडे पाहून मान हलवली.

"तज्ज्ञांचं म्हणणं खरं आहे," वहिनी म्हणाल्या. "चकती नंतरची आहे."

दालनात कुजबुज झाली. काचवालीचा चेहरा दगडासारखा झाला.

"फक्त बदलली कधी, तेवढं त्यांचं चुकलं. हा कोळशाचा कागद. खिडकी याच भिंतीत असताना घासलेला, त्यावर कार्यवाहांची सही. लाल चकतीभोवतीचे चार सांधे फुगीर आहेत, बाकी सगळे चपटे. म्हणजे त्या पट्ट्या कापून, चकती बसवून, पुन्हा डाख दिलेला होता. खिडकी कारखान्यात जायच्या आधीच. माझ्या दिरांनी हे पहिल्या नजरेत टिपलं."

भावजी ताठ बसले. आपण असं टिपलं होतं हे त्यांना आत्ता समजत होतं.

"आधी म्हणजे कधी?" तज्ज्ञानं विचारलं.

"वहीत एकच दुरुस्ती आहे. छत्तीस वर्षांपूर्वीची. आता केली कुणी ते बघा. हिचा भोवरा उलटा आहे. नळी उलट फिरवणारा माणूस डावखुरा. कारखान्यातल्या बाकाचे सगळे आकडे डावीकडे आहेत आणि त्या बाकावर एकाच माणसाचं जमायचं. त्या माणसाची भट्टी विझून तीस वर्षं झाली. तेव्हा ही चकती त्याआधीची. ताई, ही तुमच्या वडिलांनी केली."

काचवालीनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"मग अस्सल चकती उस्तादांनी..." कार्यवाहांना पुढचा शब्द उच्चारवेना.

"ती फुटली. मदतनिसाच्या हातून. ज्यानं या वेळी ती चकती दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिली नाही, कारण हातात घेताच भोवरा दिसला असता. छत्तीस वर्षं गप्प राहणारा माणूस तुकडे फेकून देत नाही. काका, डबा उघडता का?"

काका वाकले. हत्यारांखालून त्यांनी कापडाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. लाल काचेचे सात तुकडे. तज्ज्ञानं एक उचलला, बाहेरच्या बाजूवर बोट फिरवलं. खरबरीत होता. तुकडे एकमेकांना लावले, चकती पुरी झाली.

"वरच्या पट्ट्या काढताना माझी हातोडी निसटली," काका म्हणाले. "कामाला लागून दोन महिने झाले होते. मला वाटलं, आता हाकलतात. उस्ताद म्हणाले, तुकडे उचल आणि भट्टी पेटव. अकरा चकत्या केल्या त्यांनी. रंग बसेना, एकेक वितळवून टाकली. बारावी उजेडात धरली आणि नुसतं हं म्हणाले. वहीत खोटं लिहवलं ते माझ्यासाठी. कुणाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलं." ते काचवालीकडे वळले. "काल तुला चोर म्हणाले. बोलावं तर उस्ताद खोटे ठरतात, गप्प बसावं तर तू. मला काही सुचेना, पोरी. माफ कर."

"तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं काम केलंय इथं," ती म्हणाली. "माफी कसली मागता? आधी सांगायला हवं होतं, एवढंच."

तज्ज्ञ अजून तुकडा हातात घेऊन खिडकीकडे बघत होता. त्याचा आवाज सकाळपेक्षा बराच खाली आला. "हा लाल फार अवघड असतो. आजही बोटांवर मोजण्याइतक्यांना साधेल. वर चढून हात लावला नसता, तर मलाही कळलं नसतं. बाई, मी काल जे बोललो ते चुकलं. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो."

"ऐकलं," काचवाली म्हणाली.

कार्यवाहांनी नोंदवही ओढली, कागद सरळ केला. "उद्याचा समारंभ होईल. तक्रारीचा प्रश्नच नाही. नोंद मात्र दुरुस्त करावी लागेल. मी असं लिहितो: 'मधली चकती पूर्वीच्या एका दुरुस्तीत बदललेली आढळली.' कुणाचं नाव नको, उस्तादांच्या लौकिकाला धक्का नको."

"द्या इकडे," काचवाली म्हणाली.

तिनं पेन घेतलं. काळ्या नखांच्या बोटांनी सावकाश लिहिलं आणि वही फिरवून कार्यवाहांपुढे सरकवली. कार्यवाहांनी मोठ्यानं वाचलं.

"'मधली लाल चकती छत्तीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याच्या हातून फुटली. आताची चकती आमच्या उस्तादांनी केली.'" ते घुटमळले. "ताई, 'फुटली' हा शब्द ठेवायचाच का? उस्तादांच्या हातून काच फुटत नाही, असं सगळं गाव..."

"ठेवा," ती म्हणाली. "फुटली नसती, तर ही कुठून आली असती? काका, इकडे या. माझ्या सहीखाली तुमची करा."