तिरंदाजाला दिसलेली खिडकी

दातांचे डॉक्टर त्या रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून रिकामी खोकी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी घर बदलायचं होतं. मुलगी टेम्पो घेऊन येणार होती. नवं घर तिच्या घराजवळ, दोनच खोल्यांचं.

"बाबा, ते टेबल तिथे मावणार नाही हं, आत्ताच सांगून ठेवते," ती फोनवर म्हणाली होती. मग जरा थांबून, "तुम्हीच मोडा ते. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

ते टेबल म्हणजे एकेकाळचं जेवणाचं टेबल. पण त्यावर कित्येक वर्षांत कुणी जेवलं नव्हतं. त्याच्यावर जुन्या काळचं जपान वसलं होतं. एका कडेला देवदाराचं जंगल, दुसऱ्या कडेला तांबडी लाकडी कमान, मधून ओढा, ओढ्यावर कमरेत वाकलेला पूल आणि पुलापलीकडे वाटसरूंची सराई. या मुलखात दोन फौजा लढायच्या. शिपाई करंगळीच्या पेराएवढे. चिलखत घातलेले सामुराई, भालाईत, तिरंदाज. फासे टाकायचे, ठरलेल्या अंतराएवढं माणूस पुढे सरकवायचं, तीर सोडायचे, पडेल त्याला उचलून बाजूला ठेवायचं. लांबून पाहणाऱ्याला पोरखेळ वाटावा, आणि खेळणाऱ्याला जेवणाची शुद्ध राहू नये, असा तो खेळ.

फौजा डॉक्टरांनी रंगवल्या होत्या, दवाखान्यात बोथट झालेल्या हत्यारांनी खरवडून, घासून. मुलूख मात्र बायकोचा. डोंगर थर्माकोलचे, जंगलातला पाचोळा म्हणजे वापरून वाळवलेली चहापत्ती, झाडं अंघोळीच्या स्पंजाची, सराईच्या भिंती पुठ्ठ्याच्या आणि वासे दात कोरायच्या काड्यांचे. "तुमच्या धंद्यातल्याच काड्या आहेत, घरातच खपवते," असं ती म्हणायची. सराई तिचं शेवटचं काम. अंथरुणाला टेकून, मांडीवर फळी घेऊन तिनं ती पुरी केली होती. बाकी सगळ्या घरांची छपरं उचलता यायची, म्हणजे शिपाई आत ठेवता येत. सराईचं छप्पर मात्र तिनं गोंदानं चिकटवून टाकलं. का, ते सांगितलं नाही. आणि मग विचारायचं राहून गेलं.

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून टेबलावर चादर होती.

"मोडायचंच आहे तर एक डाव खेळून मोडू," असं घड्याळजी म्हणाले आणि दुपारी आपल्या फौजेचा डबा काखोटीला मारून आले. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस डॉक्टरांचा जुना मित्र आणि तितकाच जुना शत्रू. एकमेकांना हरवण्यात दोघांची उमर गेली होती.

चादर काढली. धूळ फारशी नव्हतीच. बाहेर आभाळ भरून आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी टेबलावरचा दिवा लावला. फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या.

"तुमचा तिरंदाज माझ्या सरदाराला बघतोय असं म्हणू नका हं," घड्याळजींनी सुरुवातीलाच भांडण काढलं. "मध्ये झाड आहे."

"झाडाच्या बाजूनं दिसतो की."

"वाकून बघा. उगाच उभ्याउभ्या निवाडा नको."

खेळाची रीतच तशी. आपल्या शिपायाला समोरचा माणूस दिसतो की नाही, ते वरून ठरवायचं नाही. टेबलाशी वाकायचं, गाल लाकडाला लागेल इतकं वाकायचं, शिपायाच्या डोक्यामागे आपला डोळा लावायचा. त्याला दिसेल ते आपल्याला दिसतं. आणि आपल्याला जो दिसतो त्याला आपणही दिसतो, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग. पूर्वी वाद झाला की बायको स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, वाकायची आणि सांगायची, दिसतो किंवा नाही दिसत. त्यावर अपील नव्हतं.

डॉक्टर चष्मा सावरून वाकले.

झाडामुळे सरदार खरंच दिसत नव्हता. पण त्याच्या बाजूनं, पुलावरून सरळ पलीकडे, सराईची खिडकी दिसत होती. आणि खिडकीत उजेड होता.

डॉक्टर उठून उभे राहिले. वरून खिडकी काळीच होती. पुन्हा वाकले. उजेड. मंद, तेलाच्या दिव्यासारखा. आणि त्या उजेडात कुणीतरी पाठमोरं बसलेलं. मान खाली घालून, हातातल्या कामात गढलेलं.

"दिसला का?" घड्याळजींनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "सरदार नाही दिसत."

"बघा! खोटं बोलत नाही मी."

डॉक्टर मुळात चौकस माणूस. दुखरा दात कुठला ते रोग्यालाही कळत नसतं. टिचकी मारत मारत शोधावं लागतं. घड्याळजी चहा टाकायला आत गेले तेव्हा त्यांनी शोध सुरू केला. शेजारच्या भालाईतामागे वाकून पाहिलं, खिडकी रिकामी. सामुराईमागे, रिकामी. फक्त त्या एका तिरंदाजामागूनच ती दिसत होती. तोंड तपासायचा इवलासा आरसा त्यांनी खिडकीतून आत सरकवला. आत चटई होती, कोपऱ्यात मण्याएवढा कंदील होता, बाकी काही नाही.

मग त्यांनी तिरंदाज सरळ उचलला आणि सराईच्या दारापाशी ठेवून वाकून पाहिलं. काळोख. निव्वळ पुठ्ठ्याच्या आतला काळोख. तो परत जागेवर आणून ठेवला, तेव्हा उजेड हळूहळू परतला, रुसलेलं माणूस परतावं तसा. खेळात लबाडी तिला कधी खपली नव्हती.

'तिला' असं मनात आलं, तेव्हा डॉक्टर खुर्चीवर बसले.

शेवटच्या दिवसांत ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. "असं बघू नका हो माझ्याकडे," म्हणायची. त्यांनी ऐकलं होतं. तिच्या पाठीशी बोलत बसायचे, पाठ थोपटायचे. चेहरा नंतर पाहिला, पण तो नंतरचा चेहरा होता.

चहा आला. डॉक्टरांनी आपल्या पाळीला तिरंदाज पुढे सरकवला, नियमाप्रमाणे, चार बोटं. वाकून पाहिलं. खिडकी जवळ आली होती. पदराची कड ओळखू येत होती. आणि गोंदाचा वास येत होता, ओल्या, नुकत्या लावलेल्या गोंदाचा.

पुढच्या पाळीलाही तोच सरकला. त्याच्या पुढच्याही. इकडे डॉक्टरांची फौज ओढ्याकाठी गारद होत होती.

"अहो, हा तुमचा एकटाच कुठे निघालाय?" घड्याळजी म्हणाले. "लढाई इकडे आहे. की सराईत मुक्काम करायचा विचार आहे त्याचा?"

"जाऊ द्या त्याला."

"जाऊ द्या काय! माझे भालाईत सराईच्या मागच्या बागेत बसलेत. भाजीसारखा चिरतील." त्यांनी फासे उचलले आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहून खाली ठेवले. "काय झालं?"

डॉक्टरांनी सरकून त्यांना जागा करून दिली.

घड्याळजींनी भिंग लावायची सवय असलेला डोळा मिटला आणि उघडला, मग तिरंदाजामागे वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. बाहेर वारा सुटला होता. खिडकीचं दार कुठेतरी हळू आपटत होतं.

"वहिनी आहेत," शेवटी ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "पाठमोऱ्या... हात हलतोय हो त्यांचा."

"हं."

"छप्पर काढून बघू या?"

"ते तिनं चिकटवलंय."

घड्याळजी सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, नका नेऊ त्याला पुढे. आपल्याला दिसतं त्याला आपणही दिसतो. नियम माहीत आहे ना?"

"तेच तर हवंय मला. एकदा वळून बघू दे. उद्या हे सगळं खोक्यात जाणार."

"मग मी पाळी सोडतो. चालू द्या तुमची चाल."

"सोडायची नाही. लबाडी केली की तिथं काही राहत नाही. मी करून पाहिलीय. नीट खेळा. मारायचाच म्हणून फासा टाका."

असा डाव त्या दोघांत आजवर झाला नव्हता. घड्याळजी आयुष्यभर ज्या फाशाला पाच पड, सहा पड म्हणून फुंकर घालत आले, त्याच फाशाकडे आता जीव मुठीत धरून बघत होते. पाच किंवा सहा पडला असता तर तिरंदाज टेबलावरून उचलावा लागला असता. फासा गडगडला, पुलाच्या कठड्याला लागला. चार.

"वाचला," घड्याळजींनी श्वास सोडला. "स्वतःच्या हरण्यावर एवढा खूश मी कधी झालो नव्हतो."

डॉक्टरांनी तिरंदाज दारात नेला. नीट मोजून, चार बोटं. उंबऱ्यावर उभा राहिला तो. गोंदाच्या वासानं आता खोली भरली होती. त्यांनी टेबलावर गाल टेकवला आणि डोळा लावला.

आत कंदील जळत होता. चटई होती. चटईवर कुणी नव्हतं.

एवढं चालून यावं आणि घर बंद मिळावं, तसं त्यांना झालं. तरी ते तसेच वाकून राहिले. समोरच्या भिंतीत मागची खिडकी होती, तिच्यातून बाग दिसत होती, बागेत घड्याळजींचा भालाईत.

"माझी पाळी," घड्याळजी पलीकडून म्हणाले. "तुमचा माणूस माझ्या माणसाला दिसतो का, बघावं लागेल. टाळू का?"

"टाळू नका."

घड्याळजी पलीकडच्या बाजूनं वाकले. मागच्या खिडकीच्या चौकटीत, भालाईताच्या खांद्यावरून, त्यांचा भला मोठा डोळा डॉक्टरांना दिसला.

"दिसतो का?"

"दिसतो. तिरंदाज दिसतो. त्याच्यामागे तुमचा डोळा दिसतो..." घड्याळजी थांबले. "डॉक्टर, तुम्ही दोघं दिसताय."

डॉक्टर हलले नाहीत. वळून बघायची इच्छा मानेपर्यंत आली आणि त्यांनी ती तिथेच धरून ठेवली. वळलं तर कदाचित उरणार नाही, पुठ्ठ्यातल्या काळोखासारखं होईल. उजव्या खांद्याला काहीतरी टेकल्यासारखं वाटत होतं. अगदी हलकं.

"चेहरा दिसतो का तिचा?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"सावलीत आहे. खांद्याला खांदा लावून... वाकलंय कुणीतरी."

"कुणीतरी काय म्हणता? तीच."

"असतील... वहिनीच असतील."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते निवळावं म्हणून त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. कंदील, चटई, मागची खिडकी. खिडकीपलीकडे घड्याळजींचा डोळा. आणि त्या डोळ्याच्या शेजारी, टेबलाच्या त्या कडेला गाल टेकवून, ती.

चष्मा कपाळावर सरकवलेला. बोटाला वाळलेला गोंद. आजाराआधीचा, भरलेला, ओळखीचा चेहरा. वर्षभर ज्याच्यासाठी त्यांनी उशीत तोंड खुपसलं होतं, तो चेहरा दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होता. घड्याळजींना तिची चाहूलही नव्हती.

ती पलीकडे होती.

डॉक्टरांना हसायचं होतं, हाक मारायची होती. पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्यांच्या उजव्या खांद्याच्या वर, जराशी मागे, खिळली होती. आणि तिची मान हलत होती, सावकाश, इकडून तिकडे. नाही. नाही.

"घड्याळजी," डॉक्टरांनी ओठ न हलवता म्हटलं, "माझ्या शेजारी... अजून आहे का?"

"आहे," घड्याळजी म्हणाले. "जवळ सरकलंय."

डॉक्टरांच्या चष्म्याची उजवी काच कडेपासून, श्वासाची वाफ बसावी तशी, हळूहळू धूसर होत गेली. मग निवळली. मग पुन्हा धूसर झाली.