पेटीत ठेवलेलं माहेर

मेघा आमच्या नात्यातली. तिच्यावर जे गुदरलं ते तिनं स्वतः सांगितलंय, आणि ती खोटं बोलणारी पोर नव्हे. ज्याला पटेल त्यानं पटवून घ्यावं. नाही पटलं तर अजून चांगलं. त्याला झोप तरी लागेल.

गाव रावेर. दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, अलीकडचाच. वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती.

मेघा धुळ्याकडची. लग्न होऊन रावेरात आली ती योगेंद्रची दुसरी बायको म्हणून. पहिली दीपमाला, तापाचं निमित्त होऊन गेली. योगेंद्र शिकलेला, घरी केळीची बाग. कॉम्प्युटरचा भारी नाद. माडीवरच्या खोलीत त्यानं एक काळी पेटी ठेवली होती. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, बागेतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, सगळं त्या पेटीत. सर्व्हर म्हणायचा तो तिला.

पेटी रात्रंदिवस घुंss घुंss करत चालू.

आता आपल्याकडची रीत अशी. पहिली मेली असेल तर दुसरीनं तिच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीचा कोरीव पत्रा, गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सणाचा घास आधी तिला. म्हणजे गेलेलीचं मन शांत राहतं.

सासू इंदिराबाईंनी लग्नाआधीच विषय काढला.

योगेंद्र हसला. "आई, दीपमालाचं सगळं माडीवर त्या पेटीत आहे. हजारो फोटो आहेत तिचे. तोच तिचा टाक समज."

तो बोलून गेला. म्हातारीनं मात्र शब्द पदरात बांधला.

दुसऱ्या दिवसापासून पेटीला हळदकुंकू सुरू झालं.

मेघाला माहेरून नवी साडी आली की इंदिराबाई म्हणायच्या, "तिले आधी दाखव, मंग तू नेस. पहिली ते पहिलीच असते, बाई."

मेघा साडीची घडी पेटीवर टेकवायची आणि हसत म्हणायची, "घ्या अक्का, बघून घ्या. रंग पसंत आहे का?"

पेटी घुंss करायची.

मेघाला तेव्हा भीती नव्हती. तिचा जीव दुसरीकडेच अडकला होता.

तिचे वडील भाईदास. त्यांना ती आबा म्हणायची. लग्नानंतर कपाशी वेचणीच्या दिवसांत ते शेतातच वारले. मेघाजवळ त्यांची एकच बोलती आठवण उरली होती. तिच्या पाठवणीचा व्हिडिओ, तिच्याच फोनमध्ये. मांडवाच्या दाराशी आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्या अहिराणीत म्हणतात,

"मेघा, मन्ही माय, रडू नको. तठे आते तुनं घर शे. हाक मारजो, मी येसू."

तिथं आता तुझं घर आहे. हाक मार, मी येईन.

रावेरच्या घरात तिच्याशी अशी बोली बोलणारं कुणी नव्हतं. रोज काम उरकलं की ती तो व्हिडिओ ऐकायची. एवढंच तिचं माहेर.

एकदा फोन मोरीत पडला. कसाबसा वाचला. योगेंद्र म्हणाला, "फोनचा काय भरवसा? आण, पेटीत टाकतो. आत चार डिस्क आहेत. एक दीपमालाच्या फोटोंची, एक घरातल्या बाकी सगळ्याची, एक बागेतल्या कॅमेऱ्यांची. आणि चौथी पॅरिटीची."

"पॅरिटी म्हणजे?"

"ताळा. शाळेत बेरजेचा ताळा करायचो ना, तसा. एक डिस्क मेली तर बाकीच्या तिघी मिळून सांगतात तिच्यात काय होतं ते. जसंच्या तसं परत येतं. तुझे आबा कुठे जात नाहीत."

मेघानं विश्वास ठेवला. व्हिडिओ पेटीत गेला. फोन नवा घेतला तेव्हा जुना मोडीत गेला.

सवतीच्या टाकात आपण माहेर ठेवलं, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

आखाजी तोंडावर आली आणि पेटीवर लाल दिवा लागला.

योगेंद्रनं तपासणी लावली. ताळा जुळेना. स्क्रीनवर चुका दिसायला लागल्या. त्यानं पेटी उघडली तर पंख्यात कुंकवाचा हा थर.

"आई, तुझ्या या सवाष्णीच्या मानापायी एक दिवस आग लागेल घराला," तो वैतागला.

"मशीन तुही, मान तिचा," म्हातारी शांतपणे म्हणाली.

त्यानं पंखा झाडला. वायरी बदलल्या. पुन्हा तपासणी लावली.

चुका वाढल्या होत्या.

आणि त्या दिवसापासून आवाज सुरू झाला.

टक्... टक्... टक्...

फरशीवर जोडवी वाजावीत तसा.

योगेंद्र खोलीत असला की आवाज नसायचा. इंदिराबाई कुंकू लावायला गेल्या, तरी नसायचा. मेघानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला की...

टक्.

ती थांबली की तोही थांबायचा.

शेवटी योगेंद्रनं जळगावहून प्रेमराजला बोलावलं. प्रेमराज त्याचा कॉलेजातला मित्र, याच धंद्यातला. येताना एक नवी डिस्क घेऊन आला. बाजारात तेवढी एकच मिळाली होती.

मेघा चहा घेऊन वर गेली तेव्हा दोघं पेटीपुढे मांडी घालून बसले होते.

"कोणती बिघडलीय, भाऊ?" तिनं विचारलं.

"तीच तर गंमत आहे, वहिनी," प्रेमराज म्हणाला. "ताळा चुकला एवढं कळतं. कोणती डिस्क खोटं बोलतेय, ते ताळा सांगत नाही. एकेकीला बाजूला घेऊन विचारावं लागतं. सासू-सुनेच्या भांडणासारखं."

"मग विचारलंत का?"

"विचारलं. दीपमाला वहिनींची डिस्क बंदच पडलीय. आणि तुमचं सामान ज्यात आहे, ती आजारी आहे. पण वाचता येतेय अजून." त्यानं बशीत चहा ओतला. "नवी डिस्क दीपमाला वहिनींच्या जागी बसवायची. पण ती भरायची तर बाकीच्या सगळ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. तुमचीही. आजाऱ्याला उठवून नांगराला जुंपण्यासारखं आहे ते. टिकेल न टिकेल."

मेघानं ट्रे खाली ठेवला. "आधी माझे आबा बाहेर काढा. मग काय भरायचं ते भरा."

"बरोबर बोलताहेत वहिनी," प्रेमराज म्हणाला. "योगेंद्र, लहानशी फाइल आहे. पेनड्राइव्हवर घे आधी."

"घेतो," योगेंद्र म्हणाला.

संध्याकाळी प्रेमराज सणासाठी घरी परतला. जेवताना मेघानं विचारलं, "अहो, काढलं का?"

"काढलं."

"नक्की?"

"काढलं म्हटलं ना. वाढ आमटी."

आखाजीची सकाळ उजाडली. गल्लीत झाडांना झोके बांधलेले. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. मेघाला त्या वर्षी माहेरी जायचं जिवावर आलं होतं. आबांशिवायचं घर तिला पाहवत नव्हतं. घरात पितरांची घागर भरली गेली. पुरणपोळी आणि आमरसाचं पहिलं ताट इंदिराबाईंनी माडीवर नेलं आणि पेटीपुढे ठेवलं. नवी डिस्क भरत होती. पेटी तापली होती.

मेघा खालून ऐकत होती. घुंss घुंss. मध्येच एक घरघर. दम लागलेल्या माणसासारखी.

मग घरघर थांबली.

दुपारी जेवणं झाली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. इंदिराबाई आडव्या झाल्या. मेघा हात पुसून वर गेली. आज तिला आबांना ऐकायचं होतं. आजच ऐकायचं होतं.

योगेंद्र स्क्रीनपुढे बसला होता. स्क्रीनवर दीपमाला. कुठल्याशा जत्रेत, हातात फुगा धरलेली.

त्याचे डोळे ओले होते, पण चेहरा खुलला होता. "सगळं आलं बघ. एकही फोटो गेला नाही."

"आणि माझी डिस्क?"

त्यानं स्क्रीनवर पुढचा फोटो आणला.

"अहो..."

"मेली ती. शेवटी शेवटी मेली, ताळ्याच्या डिस्कला सोबत घेऊन. पण काम करून मेली."

"बरं. पेनड्राइव्ह द्या माझा."

तो उठला. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "नाही काढलं."

मेघाला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"काढायला जाताना ती डिस्क मेली असती तर? मग दीपमाला परत आली नसती. तिच्यातूनच भरायचं होतं ना हे सगळं." त्याचा आवाज खाली गेला. "तुझे आबा तर तुला पाठ आहेत, मेघा."

एवढं बोलून तो खाली निघून गेला.

मेघा रडली नाही. रडायला कुणीतरी आपलं लागतं. ती पेटीसमोर बसून राहिली. पेटीपुढचं ताट तसंच होतं. आमरसावर साय धरली होती.

तेवढ्यात लाइट गेली.

स्क्रीन काळी झाली. छताचा पंखा हळूहळू थांबला. पेटीची घुंss पण थांबली. त्या घरात आल्यापासून मेघासमोर पहिल्यांदाच... पेटी मुकी झाली.

खाली म्हातारीचं घोरणं नाही. गल्लीतली गाणी नाहीत. काहीच नाही.

आणि मग...

टक्.

मेघानं श्वास धरला.

टक्... टक्...

पेटीत वीज नव्हती. एकही दिवा नव्हता.

आवाज पेटीतून निघाला आणि फरशीवर आला. तिच्या डाव्या अंगानं फिरून पाठीमागे गेला. तिथं थांबला.

कुंकवाचा वास आला. आणि तापलेल्या लोखंडाचा.

मेघानं मागे पाहिलं नाही. ती पुटपुटली, "आबा..."

हाक मारजो, मी येसू. ती हाक होती.

लाइट आली.

पेटी आपोआप सुरू झाली. स्क्रीन उजळली. दीपमालाच्या फोटोंचं पान समोर उघडं होतं. सगळ्यात शेवटी एक व्हिडिओ. त्यावर तारीख होती मेघाच्या लग्नाची.

दीपमाला तर त्याआधीच गेलेली.

मेघानं तो लावला.

मांडव. तिच्याच दारचा मांडव. वाजंत्री. आबा, त्यांचा तो गुलाबी फेटा. मेघाच्या तोंडून हुंदका फुटला. आले. आबा आले.

आबांनी नवरीच्या डोक्यावर हात ठेवला. नवरीच्या अंगावर मेघाचाच शालू. मेघाचाच हार. नवरीनं मान वर केली...

ती दीपमाला होती.

आणि आबा म्हणाले, त्याच आवाजात, त्याच मायेनं,

"दीपमाला, मन्ही माय, रडू नको. तठे आते तुनं घर शे. हाक मारजो, मी येसू."

मेघानं बंद करायला हात पुढे केला. व्हिडिओ इथंच संपायचा, तिला माहीत होतं. शेकडो वेळा पाहिला होता.

पण तो संपला नाही.

आबांनी मान वळवली. स्क्रीनमधून सरळ मेघाकडे पाहिलं. अनोळखी बाईकडे पाहावं तसं. डोळे बारीक करून.

मग शेजारच्या नवरीला विचारलं, "हाई कोन शे, बेटा?"

दीपमाला नुसती हसली.

व्हिडिओ थांबला.

मेघा दगडासारखी बसली होती. मागे कुणाचा तरी श्वास ऐकू आला. तिनं वळून पाहिलं. योगेंद्र. केव्हा आला, कळलंच नव्हतं. त्यानं सगळं पाहिलं होतं. त्याची नजर मेघावर नव्हती. स्क्रीनवर होती.

"परत लाव ना," तो म्हणाला.

त्याच दुपारी मेघा अंगावरच्या कपड्यांनिशी स्टँडवर गेली. मिळेल ती गाडी धरली.

धुळ्याकडच्या घरी तिची आई यशोदाबाई एकटीच. त्यांनी पोरीचं तोंड पाहूनच पाणी दिलं. मेघानं घडलेलं कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मेघा त्यांच्याजवळ जाऊन टेकली.

"माय, मी निघाले तेव्हा आबा मला काय म्हणाले होते? जसंच्या तसं सांग."

यशोदाबाईंचा हात सुपात थांबला. चेहरा मऊ झाला. नवऱ्याचा आवाज काढावा तशा त्या हळूच म्हणाल्या,

"दीपमाला, मन्ही माय, रडू नको..."

पुढचंही सगळं बरोबर सांगितलं. एक शब्द चुकला नाही. मग पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. आपण काय बोललो, याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं.

मेघानं परत विचारलं नाही.

ती आता धुळ्यात खोली करून राहते. रावेरला गेली नाही. पेटी तिथं अजून चालू आहे म्हणतात. ताळा जुळतो. एकही चूक निघत नाही.

मला हे सगळं सांगून झाल्यावर ती जायला उठली. दारात घुटमळली. काहीतरी विचारायचं होतं तिला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि न विचारताच निघून गेली.

बरंच झालं.

कारण त्या लग्नाला मी होतो. भाईदासच्या शेजारीच उभा होतो. त्याचा हात आठवतो, फेटा आठवतो.

तो हात कुणाच्या डोक्यावर होता... ते मी अजून आठवून पाहिलेलं नाही.