सीटमागचं झाकण

गादीवालीने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला फक्त त्याचे पाय दिसले.

हॉस्पिटलच्या आवारात एक जुनी, लाल, दोनच सीटची स्पोर्ट्‌स कार बंद पडली होती. सीटमागच्या फटीत डोकं घालून तो उलटा लटकला होता... आणि तिथेच अडकला होता. शेजारी व्हीलचेअरवर त्याचे वडील बसले होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या होत्या.

ती हॉस्पिटलमधल्या खुर्च्यांना नवं रेक्झिन बसवून निघाली होती. "हलू नका," म्हणत तिने पिशवीतला पाना काढला, सीट सोडवली आणि त्याला ओढून बाहेर काढलं.

"इंजिन मागे आहे," तो धापा टाकत म्हणाला, "पण तिथला स्क्रूच दिसत नाही."

"करता काय तुम्ही?"

"चष्म्याचं दुकान आहे."

"मग कठीणच आहे!"

म्हाताऱ्यांचा अर्धाच ओठ हसला. मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. "आजारपणानंतर पहिल्यांदा हसले," तो हळूच म्हणाला.

बाबा मेकॅनिक होते. भंगारातली ही गाडी त्यांनी एकट्याने पुन्हा उभी केली होती. आता रोज तिच्यापाशी बसून रडायचे. इंजिनाला हात लावायचा तर दोन्ही सीट काढा, कार्पेट उचला, मागचा पत्रा सोडवा, मग लटका. त्यांना ते कसं जमणार?

"पत्र्याला झाकण करा," ती म्हणाली. "सीट मी बिजागरीवर बसवते. डाव्या हाताने ढकलली की पुढे पडेल."

"मूळ गाडी कापायची? बाबा मलाच कापतील!"

पण बाबांनी खुणेने खडू मागितला. डाव्या हाताने मागच्या पत्र्यावर चौकोन काढला. रेघ वाकडी होती, माप बरोबर होतं.

त्या रेघेवर पत्रा कापला गेला. गादीवाली रोज संध्याकाळी त्यांच्या घरी यायची. बाबांचा डावा हात आणि तिचा उजवा — दोन्ही मिळून कार्ब्युरेटर उघडायचे.

"काका, हाच स्क्रू ना?"

बाबा डोळे मिटून 'हो' अशी खूण करायचे.

"मग मी कशाला आहे?" टॉर्च धरून चष्मेवाला विचारायचा.

"उजेडाला."

आणि तो तिच्याकडे बघत राहायचा, उजेड भलतीकडेच जायचा... मग बाबा घशातून खेकसायचे.

एका संध्याकाळी इंजिन सुरू झालं. बाबांनी त्या थरथरत्या पत्र्यावर तळवा ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही.

पुढच्याच आठवड्यात दुसरा झटका आला. बाबा गेले.

त्यानंतर चष्मेवाल्याचा फोन नाही, निरोप नाही. शेवटी तीच गेली. तो घराच्या पायरीवर बसला होता, दाढी वाढलेली.

"गाडीला गिऱ्हाईक आलं होतं," तो म्हणाला. "कापलेली गाडी नको म्हणालं."

"वाईट वाटलं?"

"बरं वाटलं. मग... बरं वाटल्याचं वाईट वाटलं."

ती शेजारी बसली. "एक फोनसुद्धा केला नाहीत."

"कसा करणार? बाबांची आठवण काढायला बसतो, आणि मध्येच तुमची येते. त्यांना जाऊन किती दिवस झाले? लाज वाटते हो मला."

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. "मला रडायला दुसरी जागाच नव्हती," ती म्हणाली. "घरच्यांनी काकांना पाहिलेलं नाही. कोणापुढे रडू? म्हणून इथे आले."

तेव्हा कुठे तो रडला. स्मशानातही रडला नव्हता. तिने त्याचा चष्मा काढून घेतला, हातात धरून ठेवला, आणि स्वतःही रडली.

अंधारून आलं. "जाणार?" त्याने विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा."

ते 'तू' तिच्या तोंडून कधी निसटलं, तिलाच कळलं नाही. त्याला कळलं.

"मग बस," तो म्हणाला. "...बस ना."

ती बसून राहिली.