उघडे पडलेले कंस

दुपारी एकला घड्याळजीची बायको डबा घेऊन दुकानात आली. नवरा कामाच्या टेबलाखाली पडला होता. डोक्याची मागची बाजू पार आत गेली होती. रक्तात बारीक चाकं आणि स्प्रिंगा विखुरल्या होत्या. शेजारी त्याचाच हातोडा.

"दहा ते साडेबारा, कधीही," डॉक्टर म्हणाले.

पोलीस निरीक्षक बाईंनी दुकानातला संगणक उघडला. घड्याळजी इंटरनेटवर हौशी दुरुस्तीवाल्यांचा चर्चा-फलक चालवायचा. बारा दहाला त्याच्या नावानं तिथं मजकूर आला होता: 'आपण हाकललेला इंजिनिअर दारात आलाय. मारायला उठलाय.' वाक्याच्या दोन्ही टोकांना कोनाकार कंसात इंग्रजी 'बी' हे अक्षर तसंच दिसत होतं.

निवृत्त इंजिनिअरला उचलून आणलं.

"डोकं फोडीन, असं फलकावर तुम्हीच लिहिलंत?"

"लिहिलं. तेही ठळक अक्षरांत. म्हणून तर हाकललं."

"ठळक कसं करता?"

"चौकोनी कंसात बी लिहायचं. दुसरा कंस त्या फलकाला कळतच नाही, जसाच्या तसा दिसतो. त्यानंच नियम लिहिलेत, पहिल्या पानावर."

बाईंनी पान पाहिलं. मग त्या थेट घड्याळजीच्या घरी गेल्या. त्याचा साडू मेहुणीला धीर देत बसला होता. वेबसाइट बनवणारा माणूस, बोलण्यात गोड.

"दुकानातला संगणक कुणी बसवला?"

"मीच."

"बारा दहाला कुठे होतात?"

"ऑफिसात. अकरापासून मीटिंग. दहा साक्षीदार आहेत."

"फलकावर कधी काही लिहिलंत?"

"जन्मात नाही."

"आज लिहिलंत," बाई म्हणाल्या. "साडेदहाला त्यांना मारलंत, अकराला ऑफिस गाठलंत आणि टेबलाखाली फोन धरून त्यांच्या नावानं मजकूर टाकलात. पासवर्ड तुम्हीच घालून दिलेला. पण हाताची सवय जात नाही. वेबसाइटच्या कामात अक्षरं ठळक करायला दिवसभर कोनाकार कंस, तेच इथे पडले. ज्यानं नियम लिहिला तो असा चुकेल? आणि मारेकरी दारात असताना अक्षरं ठळक करत कोण बसतं? फोन द्या."

त्यानं फोन दिला नाही. टेबलावरची कात्री उचलून तो अंगावर धावला. पातं बाईंच्या दंडात घुसलं. त्यांनी त्याच हातानं त्याचं मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. शिपायांनी त्याला जमिनीवर दाबलं.

"बायको माझी! त्यानं मधे का पडायचं?" तो ओरडत होता.

आतल्या खोलीचं दार उघडलं. त्याची बायको बाहेर आली. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला.

"काल रात्रीपासून मी इथेच आहे," ती म्हणाली. "सकाळी भावोजी म्हणाले, दुपारी पोलिसात जाऊ, मी सोबत येतो." तिनं खुर्ची ओढली. "लिहून घ्या, बाई. पहिल्या दिवसापासून सांगते."