बिऱ्हाडाची खिट्टी

"जड जड तळाला, हलकं हलकं माळ्याला,
काचेच्या गं बाईला, मऊ शेला नेसायला."

मामीचा आवाज होता तो. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कपाटाचं दार उघडलं की कोठारणीला अजूनही आधी तो आवाज ऐकू यायचा आणि मग लाकडाचा वास यायचा. मामी होती तेव्हा कोठारीण इतकी लहान होती की खालच्या कप्प्यात बसून मामीच्या हातात एकेक वाटी द्यायची. मामी गुणगुणत वाटी पुसायची, फडक्यात गुंडाळायची आणि निजवल्यासारखी आत ठेवायची.

ते कपाट घरातलं नव्हतं. ते होतं बिऱ्हाडात. बिऱ्हाड म्हणजे मामाची चाकांवरची खोली. पुढे गाडी, मागे दोन बाक, एक टेबल, छोटी शेगडी, आणि भिंतभर स्वयंपाकाची कपाटं. ती कपाटं मामा-मामींनी मिळून बनवली होती. आता सुट्टीत सगळं घरदार बिऱ्हाड घेऊन निघालं होतं आणि कपाटांचा कारभार पहिल्यांदाच कोठारणीकडे आला होता. तेरा वर्षांच्या मुलीला हे नाव मामानंच दिलेलं, आणि ते तिला शाळेतल्या बक्षिसापेक्षा मोठं वाटायचं.

"ढकला," ती आतून म्हणाली.

बाहेर मामा, तिचा धाकटा भाऊ भुंगा आणि मावसभाऊ शंकासुर यांनी बिऱ्हाडाला खांदे लावले. भुंगा सदा गुणगुणत असायचा म्हणून भुंगा. शंकासुर शंका काढल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचा नाही. बिऱ्हाड डुलू लागलं. कोठारीण आत डोळे मिटून उभी राहिली. ही डोलणी निघण्याआधी व्हायचीच. जे भांडं सैल असेल ते डोलणीत वाजायचं.

"कोण बोलतंय?" मामानं बाहेरून विचारलं.

"चाळणी. आणि चमचे कुजबुजतायत."

तिनं चमच्यांच्या खणात नॅपकिनची घडी कोंबली. चाळणी पातेल्याच्या पोटात बसवली. बशा तिनं आधीच उभ्या लावल्या होत्या, प्रत्येक दोघींच्या मधे जुन्या परकराचा तुकडा. पेल्यांना मोजे घातले होते. फळ्यांवर रबरी जाळी होती, त्यांच्यासमोर पडद्याची दांडी आडवी ताणून बसवली होती.

"हे मोजे माझे आहेत," भुंगा खिडकीतून म्हणाला.

"धुतलेत का पण?" शंकासुरानं विचारलं.

"पुन्हा ढकला रे."

बिऱ्हाड पुन्हा डुललं. आत चिडीचूप. मग कोठारणीनं एकेका दाराची पितळी खिट्टी लावली. ही खिट्टी उघडायची तर अंगठा तिच्याखाली घालून वर उचलावी लागे. हिसक्यानं ती निघत नसे.

"सगळे गप्प," ती म्हणाली.

मामानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मामी असती तर आज तिनं तुला नोकरीवर ठेवलं असतं."

मुलं आईबाबांच्या मोटारीत बसली, कारण बिऱ्हाडात पट्टे फक्त पुढच्या दोन आसनांना होते. मामाच्या शेजारच्या आसनावर वळकट्या बसल्या.

"मी बसू का तुझ्याजवळ?" कोठारणीनं विचारलं होतं.

"नको गं. वळकट्या बऱ्या. त्या बडबडत नाहीत," मामा हसून म्हणाला होता.

मोटार पुढे, बिऱ्हाड मागे. डोंगराच्या वळणांवर बिऱ्हाड दिसेनासं झालं आणि झाडांखालच्या तळावर ते बऱ्याच उशिरा येऊन पोचलं. मुलं खुर्च्या उतरवत होती, तेवढ्यात आतून मामाची हाक आली.

"कोठारणी, जरा आत ये."

मधल्या कपाटाचं दार सताड उघडं होतं. दोन बशांचे तुकडे झाले होते.

"खिट्टी लावायची राहिली वाटतं," मामा हळूच म्हणाला. "असू दे. होतं असं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. बाबा मात्र बोललेच. "एकच काम अंगावर घेतलं होतंस. तेही धड नाही?"

आपण खिट्टी लावली होती हे तिच्या अंगठ्याला आठवत होतं. पण मामा म्हणतोय म्हटल्यावर अंगठ्याचं कोण ऐकणार?

दुसऱ्या मुक्कामाला निघताना तिनं प्रत्येक खिट्टी लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. तरी पोचल्यावर तेच. मधलं दार उघडं, आणि आईच्या निळ्या वाडग्याची शकलं. आई शकलं गोळा करू लागली.

"आता शेवटची संधी," बाबा म्हणाले. "उद्या पुन्हा असं झालं तर सगळी भांडी खोक्यांत भरायची, तळ्याकाठचा शेवटचा मुक्काम रद्द, आणि सरळ घर. हिच्या हातात पुन्हा कपाटं द्यायची नाहीत."

"पोर आहे ती, विसरली असेल," मामा म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

तिन्ही मुलं झाडामागे जाऊन बसली. कोठारणीचे डोळे भरून आले होते, पण ती ते पुसत नव्हती. पुसले की दिसतं.

"मला एक शंका आहे," शंकासुर म्हणाला.

"तुला कधी नसते?" भुंगा म्हणाला.

"ऐक तर. दार वाटेत उघडलं असतं, तर वाडगा कुठे पडला असता?"

"खाली. जमिनीवर."

"आणि तुकडे कुठे होते?"

भुंग्याची गुणगुण थांबली. कोठारणीनं मान वर केली. तुकडे आत होते. फळीवर, दांडीच्या मागे, परकराच्या चिंधीत अडकलेले. बशांचेही तसेच होते. दार उघडं असतं तर दांडीखालून कपच्या तरी बाहेर सांडल्या असत्या, पण जमिनीवर एकही नव्हती.

"म्हणजे फुटलं तेव्हा दार बंद होतं," ती हळूहळू म्हणाली. "नंतर कुणीतरी उघडलं."

"कुणीतरी म्हणजे कोण?" भुंग्यानं विचारलं. "आत तर फक्त मामा..."

"नाही," कोठारीण म्हणाली. "मामा असं करणार नाही. बोलूच नका तसं."

"मग सिद्ध करू या की त्यानं नाही केलं," शंकासुर म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच टोचणी नव्हती.

बाबा सुट्टीतही बुटांना पॉलिश करत. सकाळी डोलणी झाली, भांडी गप्प राहिली, खिट्ट्या लागल्या. मग भुंग्यानं पळवून आणलेल्या डबीतलं काळं पॉलिश कोठारणीनं काडीवर घेतलं आणि मधल्या खिट्टीच्या खालच्या अंगाला, जिथे कुणी वाकल्याशिवाय दिसणार नाही तिथे, जाडसर चोपडलं. दार आपोआप उघडलं तर पॉलिश तिथल्या तिथे राहील. कुणी अंगठ्यानं उचललं तर ते अंगठ्यासोबत जाईल.

मोटारीत सगळा वेळ ती मागच्या काचेतून बघत होती. देवा, कुणाचाच अंगठा काळा नको, ती मनात म्हणत होती. खिट्टीच खराब असू दे. माझीच चूक असू दे.

बिऱ्हाड आलं. मुलं धावत पोचायच्या आत मामा मागे शिरला होता.

"पुन्हा उघडं," तो दारातून म्हणाला. या वेळी दोन पेले गेले होते. मोज्यांत काचा खुळखुळत होत्या.

बाबांनी फक्त हात झटकला. "संपलं. उद्या घरी."

कोठारणीनं चहा केला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी केला. पांढऱ्या कपात ओतून तिनं तो आधी मामाला दिला. मामानं दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. पांढऱ्या कपावर काळा अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ स्पष्ट.

शंकासुरानं तोंड उघडलं. तिनं त्याचा पाय दाबला, कप उचलला आणि नळाखाली धरला. पाणी वाहत राहिलं. खिट्टी लावायला मामाच्या याच हातानं शिकवलं होतं. सायकलवरून पडल्यावर याच हातानं उचललं होतं. तोच हात खिट्टीखाली गेला होता, आणि मग बाबा ओरडत असताना खिशात गेला होता.

"तू सांगितलं का नाहीस?" शंकासुर बाहेर येऊन म्हणाला. "आपण जिंकलो होतो."

"काय जिंकलो?"

भुंग्यानं तिचा हात धरला. तो गुणगुणत नव्हता.

"मामाला आपण आवडत नाही का?" त्यानं विचारलं.

"मला तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "दार त्यानं उघडलं, ठीक. पण भांडी त्यानं फोडली नाहीत. ती बंद दारामागे फुटली. डोलणीत हूं की चूं न करणारी भांडी फुटतात म्हणजे वाटेत केवढा हिसका बसत असेल? आणि तो रोज का बसतो? रस्ता तर आपल्याही मोटारीखाली तोच आहे, आपली पाण्याची बाटलीसुद्धा कलंडली नाही."

"मामा गाडी वेडीवाकडी चालवतो?" शंकासुर म्हणाला. "मला नाही वाटत. त्याच्यासारखी गाडी कुणी चालवत नाही."

"बघितलंय का कुणी? आपण सगळे पुढे असतो."

सकाळी भांडी खोक्यांत गेली. कपाटं रिकामी झाली, दात पडलेल्या तोंडासारखी. आई मोटारीत बसली, बाबा टपावरची दोरी आवळत होते. कोठारणीनं जाऊन बिऱ्हाडाचं पुढचं दार उघडलं, वळकट्या मागे ढकलल्या आणि आसनावर बसून पट्टा लावला.

मामा चढला तसा थबकला.

"हे काय? मोटारीत जा."

"मी इथेच बसणार आहे."

"हट्ट करू नकोस, बाळा. बाबा रागावतील."

"ते रागावलेलेच आहेत. माझ्यावर."

मामानं किल्ली लावली. फिरवली नाही.

कोठारीण तिच्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत होती. "मामा, हा डावीकडचा आरसा मिटलाय. यात फांदीचा तुकडा अडकलाय. पानं अजून ओली आहेत. काल कुठेतरी घासली असेल गाडी."

"कुठला आरसा?"

"हा काय. माझ्या हाताशी."

मामानं मान वळवली. नुसती डोळ्यांची हालचाल नव्हती ती. तो खांद्यापासून पूर्ण वळला, भिंतीपलीकडचं बघावं तसा. आणि आरसा दिसल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"काल तुझ्या अंगठ्याला काळं लागलं होतं," ती म्हणाली. "पॉलिश मी लावलं होतं, खिट्टीखाली. तू निर्दोष ठरावास म्हणून. आणि मी कप धुऊन टाकला. कुणाला सांगितलं नाही. पण तू मला सांग ना. मी काय केलं होतं तुझं?"

समोर रस्ता होता, रिकामा, उन्हातला. त्याचा हात किल्लीवर गेला, तिथे थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या छातीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग किल्ली ओढून काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

"चल खाली," तो म्हणाला.

तो मोटारीपाशी गेला. कोठारीण मागे, भुंगा आणि शंकासुर दोन बाजूंना.

"थांबा जरा," मामा म्हणाला. "हिनं खिट्टी एकदाही उघडी ठेवलेली नाही. पोचलो की मी उघडायचो. तिन्ही वेळा."

बाबांच्या हातातली दोरी सुटली. "तुम्ही? पण आम्ही हिला किती बोललो..."

"मी उभा राहून ऐकलं ते."

शंकासुरानं मग सगळं सांगितलं: आत पडलेले तुकडे, पॉलिश, काळा अंगठा. बाबा ऐकत गेले तसे त्यांचे खांदे खाली आले. ते कोठारणीसमोर उकिडवे बसले. "चुकलो मी. तुम्हा पोरांनी जे पाहिलं ते आम्हा मोठ्यांना दिसायला हवं होतं. शाबास आहे तुमची." भुंगा लाजून मोज्यांशी खेळू लागला. कोठारणीनं ती शाबासकी ऐकली, पण ती तिच्यापर्यंत पोचली नाही. ती मामाकडे बघत होती.

"पण का, दादा?" आईनं विचारलं. "पोरीवर कशाला ढकललंस?"

मामानं बिऱ्हाडाच्या पत्र्यावर हात टेकवला. बोलला तेव्हा आईशी नाही, कोठारणीशी बोलला.

"मला डावीकडचं दिसत नाही गं. वळणावरचं झाड, गुरं, माणूस, सगळं एकदम अंगावर येतं, आणि मी कचकन ब्रेक दाबतो. भांडी फुटल्याचं मला पुढे ऐकू यायचं. खिट्टी तुझी राहिली म्हटलं की माझ्या गाडी चालवण्याबद्दल कुणी विचारणार नाही, असं वाटलं. डॉक्टरांनी निघायच्या आधीच सांगितलं होतं, गाडी चालवायची नाही. मी कुणाला बोललो नाही. शेजारी वळकट्या होत्या तोवर चालवत राहिलो. आज तू बसलीस, आणि किल्ली फिरवता येईना."