'वाकडा अँटेना'मधली बाई

बोईसरला नवापूर नाक्याजवळ, रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर परशुराम सावे यांचं केबलचं ऑफिस होतं. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. दुपारी एक पिक्चर, संध्याकाळी गावच्या बातम्या, मध्येमध्ये साड्यांच्या सेलच्या नाहीतर नव्या क्लासच्या जाहिराती, एवढाच त्यांच्या चॅनेलचा पसारा. जमुना राऊत तिथे टेप जोडायची आणि आवाज मिसळायची. टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करून ती इथे लागली होती. रेकॉर्डिंगच्या वेळी कुणी पंखा लावला तर ती घरातल्या थोरल्या बाईसारखी ओरडायची. सावेसुद्धा मुकाट्याने घाम पुसत बसायचे.

त्या पावसाळ्यात सावेंच्या डोक्यात आलं, आपण स्वतःची विनोदी मालिका काढायची. पण सेटला पैसे कुठले? म्हणून मालिका केबल ऑफिसातच घडणार असं ठरलं. तेच टेबल, त्याच खुर्च्या, तीच भिंतीवरची ओल. नाव ठेवलं 'वाकडा अँटेना'. मालकाच्या भूमिकेत स्वतः सावे. बातम्या वाचणारी म्हणून बालवाडीत शिकवणारी वत्सला मेहेर. आणि सगळे घोटाळे करणारा वायरमन म्हणून सातपाटीचा देवू तामोरे. देवू मूळचा बोटीवरचा. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा त्याला काम नसे, म्हणून यायचा. तो नुसता शिडी घेऊन दारातून आत आला तरी लोक हसायचे.

संवाद सावे आदल्या दिवशी लिहायचे. घाईत त्यांना फार सुचत नसे, म्हणून ज्याचं त्याचं खरंखुरं आयुष्यच ते संवादात घालत. नावंही खरीच ठेवली होती.

हसण्याचा आवाज हवा म्हणून जमुनानं कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत टीव्ही नेला, देवूच्या करामती दाखवल्या आणि लोकांचं हसणं कॅसेटवर घेतलं. "अरे भय्या, फिर से दिखाओ!" असा एकाचा ओरडासुद्धा त्यात आला. ती कॅसेट तिनं इतक्यांदा ऐकली की कोणता माणूस खोकत हसतो, कोण टाळी देतो, सगळं तिला पाठ झालं.

पहिला भाग झकास झाला. दुसऱ्या भागात वत्सलाच्या तोंडी एक साधं वाक्य होतं. "माझं काय, दिवाळीनंतर लग्न करून मी डहाणूला चालले." हे खरंच होतं, तिचं लग्न ठरलेलं होतं. वाक्यात विनोद नव्हता म्हणून जमुनानं तिथे हसू घातलं नाही. पण जोडलेली टेप लावली, तर त्या वाक्यावर एक बाई हसली.

एकटीच. बारीक, चढत जाणारं हसू, आणि शेवटी श्वास अडकल्यासारखी उचकी.

जमुनाला वाटलं, आपलीच चूक. तिनं हसण्याची कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ती बाई त्यात नव्हती. मग शूटिंगची मूळ टेप लावली. तिच्यावर ती होती. शूटिंगला खोलीत बाया दोनच, वत्सला आणि ती स्वतः. टेप कोरी, नवी, तिनंच वेष्टन फाडून काढलेली. खाली दुकानात विचारलं, तर त्या दिवशी दुकान बंद होतं.

"असू दे की," सावे म्हणाले. "छान हसते."

भाग तसाच गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आले. लोकांना विनोदांपेक्षा ती बाईच आवडली होती. "ती कोण हो हसणारी? लई गोड हसते." नाक्यावरच्या पोरी तिची नक्कल करू लागल्या.

आणि वत्सलाचं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारणही सांगितलं नाही.

तिसऱ्या भागात सावे टेबलावर हात आपटून म्हणाले, "माझा भाऊ मला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही!" बाई हसली. जमुनानं कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रिक्षा होत्या, कोपऱ्यावर वड्याचा घाणा चालू होता, सगळं जागच्या जागी होतं. तिनं स्वतःला समजावलं की दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणजे त्यांचा संबंध असतोच असं नाही. तो आठवडा संपायच्या आत सावेंच्या भावानं अर्ध्या बोईसरची केबल आपल्या नावावर वेगळी केली आणि स्वतःची डिश बसवली.

चौथ्या भागाचं शूटिंग नारळी पौर्णिमेच्या तोंडावर झालं. देवूचं हे शेवटचं काम, कारण बोटी आता समुद्रात जाणार होत्या. भागाच्या शेवटी तो शिडी खांद्यावर टाकून म्हणतो, "चाललो बाबांनो बोटीवर. आठ दिवसांत मावरं भरून आणतो. आय वाट बघते माझी."

जमुनानं जोडलेली टेप लावली तेव्हा भर दुपार होती. देवू 'वाट बघते माझी' म्हणाला आणि बाई हसू लागली. या वेळी तिला हसू आवरतच नव्हतं.

जमुनानं त्या जागेवरचा आवाज पुसला. पुन्हा लावलं. देवूचा आवाज गेला होता, बाईचा नव्हता.

तिनं पिशवी उचलली आणि एस.टी. पकडली. पालघरला बस बदलून सातपाटीला उतरेपर्यंत, काय बोलायचं हे तिला सुचलं नव्हतं. धक्क्यावर बोटींना नवा रंग दिलेला, बर्फ चढत होता, पताका लागल्या होत्या. देवू जाळ्याच्या ढिगावर बसला होता. तिला बघून त्याला आनंद झाला.

"जमुनाताय, तुमी हिकडं?"

तिनं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. देवू आधी मोठ्याने हसला. मग वत्सलाचं नाव निघालं, सावेंच्या भावाचं निघालं, तसा तो जाळ्याची गाठ नखानं उकरू लागला.

"काका काय म्हनल?" तो हळूच म्हणाला. "बोट त्याची हाय. मी नाय गेलो तर एक मानूस कमी परल."

"एक खेप. फक्त ही एक खेप जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी बोट निघाली तेव्हा देवू पोट दुखतंय म्हणून घरात पडून होता.

त्या आठवड्यात जमुना रोज पालघरला उतरून मच्छीबाजारातून घरी जायची आणि बायांच्या बोलण्याकडे कान ठेवायची. समुद्र शांत होता. बोट ठरल्या दिवशी परत आली. सगळी माणसं सुखरूप, आणि बोट सरंग्यांनी भरलेली. इतकी चांगली पहिली खेप बऱ्याच वर्षांत कुणाला मिळाली नव्हती.

मग गावाला कळलं, देवूचं पोट कशानं दुखत होतं. तो दिसला की बोईसरला मालिका बघून आलेली धक्क्यावरची पोरं त्या बाईसारखं बारीक हसायची, शेवटच्या उचकीसकट. काकानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. हसण्याला भिणारा गडी दुसऱ्या कुठल्याच बोटीला नको होता. एके दिवशी देवू वेरावळच्या बोटींवर काम बघतो म्हणून गेला. त्यानंतर त्याचा निरोप नव्हता.

'वाकडा अँटेना'चा पाचवा भाग निघालाच नाही. अर्धी गिऱ्हाइकं गेल्यावर सावेंना मालिका परवडेना. जमुना मात्र एकच गोष्ट घोळवत राहिली. देवू म्हणाला होता, मावरं भरून आणतो. ते खोटं ठरलं. पण ते खोटं कुणी ठरवलं? ती सातपाटीला गेली नसती तर?

दिवाळीनंतर देवूच्या आईचा, रंभाबाईचा, मच्छीवालीकडून निरोप आला. "जिच्यापायी माझा पोर घरी रायला, ती बाय मला ऐकव." त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. जमुनानं शेवटच्या भागाच्या शूटिंगच्या मूळ टेपवरून, जिच्यावर देवूचा आवाज शाबूत होता, तो आवाज कोऱ्या कॅसेटवर उतरवला, ऑफिसातला टेपरेकॉर्डर घेतला आणि गेली.

सकाळची वेळ होती. अंगणात वलांडीवर बोंबील वाळत होते. रंभाबाईनं तिला पाट दिला, पाणी दिलं, देवूबद्दल एक शब्द काढला नाही. जमुनानं टेप लावली. देवूचा आवाज घरात आला तशी म्हातारीनं डोळे मिटले. 'आय वाट बघते माझी.' मग ती बाई.

रंभाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. "परत लाव," म्हणाली. परत ऐकलं.

"हसते म्हनतात हिला?"

"हो."

"ही हसत नाय, पोरी," रंभाबाई म्हणाली. "ही ररते. बोट आली नाय की बाया अशाच ररतात. पयलं हसल्यावानीच वाटतं."

जमुनानं तिसऱ्यांदा लावलं. आणि आता तिला हसू ऐकूच येईना. दम कोंडून, चढत जाऊन, शेवटी उचकीत फुटणारं ते रडं होतं. सगळ्या बोईसरनं ते ऐकून टाळ्या दिल्या होत्या.

रडं थांबलं. पुढची टेप कोरी होती, नुसती खरखर चालू राहिली. जमुनाचा हात बटणाकडे गेला, पण रंभाबाई पुढे सरकली होती. तिनं पदर सावरला आणि टेपरेकॉर्डरवर हात ठेवला, एखादीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"उगी, बाय," ती म्हणाली. "उगी. माझा देवू येल."

कोरी टेप फिरत होती. थोडा वेळ नुसती खरखर झाली.

मग टेपमधल्या बाईनं श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.